सर्वनाम

काचेच्या खोक्यात बसून वीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या तोंडचं ‘मी’ म्हणते आहे.
मंत्री म्हणाले, मी ठाम आहे, की मी ठाम.
समोरच्या बाकावरून कुणी म्हणालं, मला लाज वाटते,
की मलाही वाटते,
दोन सेकंद उशिरा, फ्रेंचमध्ये.

आज ओटावात उणे चोवीस. नदी घट्ट.
शेजारी रेजान, थर्मासमध्ये कांद्याचं सूप;
अर्धा तास तो, अर्धा तास मी.
ठराव एवढाच: सहा विमानं, आणखी सहा महिने,
समुद्रापलीकडच्या त्या वाळवंटावर,
जिथे एक टोळी शाळांना कुलपं घालते
आणि चौकात माणसं गुडघ्यांवर बसवते.

मंत्री बोलतात मोजूनमापून.
‘अचूक.’ ‘मर्यादित.’ ‘कालबद्ध.’
इंग्रजीत विशेषणं आधी येतात,
नाम येईपर्यंत मी श्वास धरून.
अचूक काय? मर्यादित काय?
कधी कधी नाम येतच नाही.

सस्कॅचेवानचे म्हातारे खासदार उठतात,
आधी धान्याच्या कोठारांवर होते.
म्हणतात, गहू आतून तापतो तेव्हा
वरून पाणी मारून भागत नाही,
अख्खी रास उपसावी लागते, हातांनी, आणि वर्षानुवर्षं.
मंत्री म्हणतात, आणि तोवर? जळू द्यायचं?
दोघांचंही मीच बोलते,
स्वयंपाकघरात एकटीच भांडणाऱ्या बाईसारखी.
खरं सांगू? ज्याची पाळी, त्याचं मला पटतं.

माझा भाचा ल्युक त्या मोहिमेवर आहे,
हवेतल्या हवेत इंधन पुरवणाऱ्या विमानात.
हे इथे रेजानलाही ठाऊक नाही.

मग हॅलिफॅक्सच्या नव्या बाई,
हातात कागद नाही, आवाज थोडा चिरका:
मंगळवारी पहाटे एका घरात सात ठार.
कोण होते ते?

इंग्रजीतल्या ‘ते’ला ना दाढी ना वेणी.
माझ्या भाषेत मेल्यावरही लिंग सुटत नाही.
ते मेले, की त्या मेल्या?
सातांत एक जरी पुरुष असला
तरी व्याकरण त्याच्या बाजूनं.
दोन सेकंद.
मी म्हटलं, ते.
सवयीनं म्हटलं. नियमालाही धरून होतं.
पण ‘ते’ म्हटल्याबरोबर माझ्याच डोळ्यांपुढे
सात खांद्यांवर सात बंदुका आल्या.

मंत्री म्हणाले, चौकशी चालू आहे.
हे वाक्य मला झोपेतही येतं.

वर सज्जात करड्या कोटातली एक बाई.
तिकडचीच. तिचा भाऊ टोळीनं उचलून नेला,
असं मंत्र्यांनी सकाळी तिचं नाव घेऊन सांगितलं,
टाळ्या पडल्या, आणि ती अर्धवट उभी राहिली,
बसावं की नाही हे न कळून.
तिच्या कानात फ्रेंच होतं, म्हणजे मी होते.
‘ते’ ऐकून तिनं मान वर केली, थेट माझ्या काचेकडे.
किंवा काचेवरच्या दिव्याकडे असेल.

मतदान. ठराव मंजूर.
आकडे दोन्ही भाषांत तेवढेच राहिले.

माईकचा लाल दिवा गेला. रेजान सूप ओतत म्हणाला,
‘ते’ बरोबर होतं, उगाच कुढू नकोस.
उद्या इतिवृत्ताचा मसुदा येईल,
दुरुस्तीला दुपारी बारापर्यंत मुदत.
मी वहीत लिहिलं: मंगळवार. सात. विचारणे.
कुणाला, ती जागा कोरी.

रात्री शिकूतिमीहून बहिणीचा फोन.
काय ठरलं गं?
आणखी सहा महिने.
तिकडे नळ चालू होता, तो तिनं बंद केला.
मग ते कधी येणार परत?

या ‘ते’मधला एक तरी मला माहीत आहे.
त्याला शिजवलेलं गाजर चालत नाही,
आणि लहानपणी गाडीत बसला
की पुलावरून जाताना
तो डोळे मिटून घ्यायचा.